पाठीवरची सॅक आणि घरचा जमाखर्च

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षात इंदूर येथे झालेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेतील माझा विषय वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. साठ वर्षांच्या मराठी शाळेच्या उत्सवात मुख्याध्यापिकेने संस्कारांवर बोलावे, फार तर मातृभाषेवर बोलावे. पाठीवर सॅक टाकून युरोप हिंडण्याच्या खर्चावर तिने काय म्हणून बोलावे? पण मराठीतल्या ज्या जुन्या प्रवासवर्णनाला आपण इतके मानतो, त्या 'माझा प्रवास'चे कर्ते गोडसे भटजी १८५७ साली याच माळव्यातून गेले, ते घरचे कर्ज फेडण्यापुरते द्रव्य मिळावे म्हणून. प्रवास आणि पैसा यांची गाठ मुळातच पडलेली आहे. ती लपवण्याची सवय आपल्या मध्यमवर्गाला अलीकडे लागली.

विषय निवडण्याचे खरे कारण वेगळे आहे. मागे एक पालक माझ्या कार्यालयात आले. त्यांची मुलगी आपलीच विद्यार्थिनी. आता नोकरी करते. तिला तीन आठवडे एकटीने युरोप पाहायचा होता. वडील म्हणाले, "बाई, ती तुमचं ऐकते. तिला सांगा, एवढे पैसे असे उडवायचे नसतात." मी विचारले, "एवढे म्हणजे किती?" ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "चार-पाच लाख तरी लागतच असतील." शनिवारी मुलगी आली. तिचे म्हणणे, दीड लाखात सगळे होते. कुणीतरी करून आले आहे. बाप-लेकीत महिनाभर अबोला होता, आणि दोघांपैकी एकानेही आकडा कागदावर मांडलेला नव्हता. तेव्हा पुढच्या शनिवारी दोघांना बोलावले आणि शाळेच्याच ताव कागदावर आम्ही तिघांनी अंदाजपत्रक केले. आज मी जे सांगणार आहे, ते बहुतांशी त्या कागदावरचे आहे. त्यात थोडी भर माझ्या स्वतःच्या अनुभवाची, कारण मी व माझी नणंद अशा दोघी, वयाची पन्नाशी उलटल्यावर, उन्हाळ्याच्या सुट्टीत एकेक सॅक घेऊन याच वाटेने जाऊन आलो होतो.

कागदाच्या मधोमध एक उभी रेघ ओढावी. डावीकडे तो खर्च, जो तुम्ही दहा दिवस गेलात काय किंवा तीस दिवस गेलात काय, तेवढाच राहतो. उजवीकडे तो, जो रोज उगवतो. हिशेबाच्या सोयीसाठी एक युरो शंभर रुपयांचा धरला. निघण्याच्या वेळी जो भाव असेल तो घालून आकडे पुन्हा मांडावेत. डावीकडे आम्ही लिहिले : मुंबईहून जाण्या-येण्याचे विमानभाडे ६५ हजार; व्हिसाचे शुल्क, अर्जकेंद्राचा आकार आणि त्यासाठी मुंबईची खेप मिळून १४ हजार; प्रवासविमा ३ हजार; सॅक, बूट, कुलूप असे किरकोळ ८ हजार. एकूण ९० हजार. घरातून पाऊल बाहेर टाकण्यापूर्वीच एवढे जातात.

उजवीकडे गावांची नावे आली. रोम, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस मिळून आठ दिवस, व्हिएन्ना चार, बुडापेस्ट चार, प्राग पाच, एकूण एकवीस. वसतिगृहातील एक खाट, साधे जेवण, गावातल्या गावात फिरणे आणि रोज एखादे प्रेक्षणीय स्थळ एवढे धरून इटलीत दिवसाला ७५ युरो, व्हिएन्नात ७०, बुडापेस्टमध्ये ५० आणि प्रागमध्ये ५५ असा अंदाज केला. बेरीज १,३५५ युरो, म्हणजे १ लाख ३५ हजार ५०० रुपये. एका गावाहून दुसऱ्या गावी जाण्याचे पाच टप्पे, त्यांचे २० हजार. डावी-उजवी बाजू मिळून झाले २ लाख ४५ हजार ५००. त्यावर दहा टक्के राखीव धरून आम्ही २ लाख ७० हजारांवर थांबलो. वडिलांचे पाच लाखही खरे नव्हते आणि लेकीचे दीड लाखही.

मुलीने लगेच सुचवले की दिवस कमी करू, बारा दिवसांत हीच गावे उरकू. गणिताच्या शिक्षकांनी वर्गात द्यावे असे हे उदाहरण आहे. बारा दिवसांसाठीही डावीकडचे ९० हजार तसेच राहतात आणि पाच टप्प्यांचे २० हजारही हलत नाहीत. फक्त उजवीकडचा खर्च साधारण ७८ हजारांवर येतो. एकूण १ लाख ८८ हजार. म्हणजे दिवसाला साडेपंधरा हजारांहून जास्त. एकवीस दिवसांच्या प्रवासात तोच आकडा पावणेबारा हजारांच्या आत बसतो. पैसे कमी लागले, पण प्रत्येक दिवस महाग झाला आणि त्यातला बराचसा रेल्वे स्थानकांवर जाणार. कमी करायचीच तर गावे कमी करावीत. 'दहा दिवसांत सात देश' असे अभिमानाने सांगणाऱ्यांनी माझ्या मते सात विमानतळ व बसतळ पाहिलेले असतात. त्यांना मी दोष देत नाही, पण त्यांचा खर्च आपल्या अंदाजपत्रकाला नमुना म्हणून घेऊ नये.

तिच्याजवळ साठलेले होते १ लाख ९० हजार. ८० हजार कमी पडत होते. वडील देऊ शकले असते; मुलीने ते घेतले नाहीत आणि मला ते आवडले. सप्टेंबरचा बेत तिने पुढच्या मे महिन्यावर नेला आणि आठ महिने दरमहा दहा हजार बाजूला टाकले. याचा आणखी एक लाभ झाला, तो व्हिसाच्या वेळी दिसला. अर्जासोबत बँकेचे गेल्या काही महिन्यांचे उतारे द्यावे लागतात. खात्यात महिन्यामहिन्याने वाढलेली शिल्लक आणि अर्जाच्या आदल्या आठवड्यात कुणीतरी भरलेली मोठी रक्कम, यातला फरक तपासणाऱ्याला दिसतोच.

व्हिसाविषयी थोडे सविस्तर सांगते, कारण पालकांचे सर्वाधिक प्रश्न तिथेच असतात. शेंगेन हे लक्झेंबर्ग या चिमुकल्या देशातील मोझेल नदीकाठचे एक खेडे. १९८५ साली तेथे झालेल्या कराराने सरहद्दीवरची तपासणी उठवण्याची सुरुवात झाली. आज २९ देश त्या व्यवस्थेत आहेत आणि एका व्हिसावर त्या सर्वांत फिरता येते. कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. ब्रिटन आणि आयर्लंड मात्र त्यात नाहीत. 'एवढे जातोच आहोत तर लंडनही करू' असे म्हणणाऱ्याने दुसऱ्या व्हिसाचा खर्च डाव्या बाजूला लिहावा आणि मग पुन्हा विचार करावा. अर्ज त्या देशाकडे करायचा, जिथे मुक्काम सर्वांत जास्त. मुक्काम समान असतील तर जिथे प्रथम उतरणार त्या देशाकडे. आमच्या कागदावर इटलीचे दिवस आठ, म्हणून अर्ज इटलीकडे. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे, आणि नकार आला तरी ते परत मिळत नाही. २०२४ साली भारतातून गेलेल्या अर्जांपैकी दर शंभरात सुमारे पंधरा नाकारले गेले. म्हणून विमानाचे पूर्ण पैसे आधी भरून मोकळे होऊ नये. अर्जाला आरक्षणाचा पुरावा लागतो, आणि रद्द करता येईल असे आरक्षण त्यासाठी चालते. विमा किमान ३० हजार युरोंच्या वैद्यकीय खर्चाचा हवा. या ओळीत काटकसर करण्याचा विचारही करू नये.

विमानाच्या बाबतीत एक साधी युक्ती : रोमला उतरावे आणि प्रागहून परतावे. दोन्ही बाजूंनी एकाच गावचे तिकीट घेतले की शेवटी उलटे मागे जावे लागते, त्याचे भाडे वेगळे आणि वाया गेलेला दिवस वेगळा.

आता राहण्याविषयी. या भागावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण त्याचा संबंध एका शाळेशी आणि एका शिक्षकाशी आहे. रिचर्ड शिरमान हे जर्मनीतल्या आल्टेना गावचे प्राथमिक शिक्षक. मुलांना भिंतींच्या आत कोंडून भूगोल शिकवणे त्यांना पटत नसे. ते विद्यार्थ्यांना घेऊन दिवसच्या दिवस पायी हिंडत. १९०९ च्या ऑगस्टमध्ये अशाच एका पदयात्रेत वादळी पावसाने गाठले आणि मास्तरांनी मुलांसह एका खेड्यातील शाळेत रात्र काढली. सुट्टी असल्यामुळे वर्ग रिकामे होते; अंगाखाली पेंढा होता. बाहेर वीज कडाडत असताना त्यांच्या मनात आले, की गावोगावच्या शाळा सुट्टीत अशाच रिकाम्या असतात. बाके बाजूला सारली की फिरणाऱ्या मुलांची सोय का होऊ नये? त्यांनी प्रथम स्वतःच्या शाळेत ते करून पाहिले आणि १९१२ साली आल्टेनाच्या किल्ल्यात कायमचे युवा वसतिगृह सुरू झाले. जगभर पसरलेल्या यूथ हॉस्टेलचा उगम तो. आपल्या देशातही यूथ हॉस्टेल संघटना आहे आणि आपल्यापैकी कित्येकांनी तिच्याबरोबर हिमालयातील वाटा तुडवल्या आहेत. पुढल्या वेळी कुणी 'हॉस्टेल' म्हटल्यावर तुमच्या कपाळावर आठी पडली, तर पावसात अडकलेल्या त्या मास्तरांना आठवावे.

आज या वसतिगृहांत चार, सहा, आठ खाटांच्या खोल्या असतात. अनेक ठिकाणी स्त्रियांसाठी स्वतंत्र खोली मिळते, तिचे दोन-चार युरो जास्त पडले तर द्यावेत. सामानासाठी कपाट असते, कुलूप आपले न्यावे. टॉवेल भाड्याने मिळतो, म्हणून आपला पंचा सोबत असावा. शिवाय बहुतेक वसतिगृहांत स्वयंपाकघर असते, आणि खर्चाचा पुढचा सगळा भाग त्याच्याशी जोडलेला आहे. खोली निवडताना दर पाहतो तसे 'स्वयंपाकघर आहे का' हेही पाहावे. गावचा पर्यटन-कर मात्र पुष्कळदा वेगळा द्यावा लागतो, हे ध्यानात असू द्यावे.

नणंदेने आणि मी तांदूळ, मुगाची डाळ आणि मेतकूट नेले होते. व्हिएन्नातल्या त्या स्वयंपाकघरात आमची खिचडी शिजत असताना शेजारच्या शेगडीवर दोन कोरियन मुली नूडल्स करत होत्या. एक वाटी इकडे आली, एक तिकडे गेली. दूध आणि मांस यांपासून केलेले पदार्थ बाहेरून युरोपीय संघात नेण्यास मनाई आहे, म्हणून पेढे आणि खव्याच्या वड्या आजीने कितीही आग्रह केला तरी घरीच ठेवाव्यात. तिथे पाव, फळे, दही, टोमॅटो सर्व दुकानांत मिळते आणि उपाहारगृहापेक्षा कितीतरी स्वस्त. व्हिएन्नात रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात. शनिवारी संध्याकाळीच सामान भरून ठेवावे. पाणी विकत घेऊ नये. रोमच्या रस्त्यांवर पिण्याच्या पाण्याचे नळ अखंड वाहतात, आणि व्हिएन्नाच्या नळाला तर आल्प्सच्या झऱ्यांचे पाणी येते. बाटली बरोबर असली की झाले. पण दात कोरून पोट भरत नाही, हेही खरे. रोज दोन युरोंची कॉफी टाळून वर्षभर ज्या देशाची स्वप्ने पाहिली, तिथे चव न घेता परतणे मला मान्य नाही. आमच्या कागदावर प्रत्येक गावी एक चांगले जेवण लिहिलेले होते.

प्रवासाच्या टप्प्यांचा विचार करताना मोह होतो तो अतिस्वस्त विमानांचा. तिकीट वीस युरोंचे दिसते. मग सामानाचे वेगळे, जागेचे वेगळे, आणि विमान उतरते ते गावापासून कोसो दूर. पॅरिसच्या नावाने विकले जाणारे बोव्हे विमानतळ पॅरिसपासून सुमारे ऐंशी किलोमीटरवर आहे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ही आपली म्हण जणू त्यासाठीच केलेली. आमच्या वाटेवर रेल्वे बरी. सर्व देशांत चालणारा रेल्वेचा पास रोज गाव बदलणाऱ्याला कदाचित परवडेल. पाच टप्प्यांसाठी आगाऊ घेतलेली सुटी तिकिटे स्वस्त पडतात, शिवाय इटलीतल्या वेगवान गाड्यांना पास असूनही आरक्षणाचे पैसे वेगळे द्यावे लागतात. व्हेनिसहून व्हिएन्नाला रात्रीची गाडी आहे. आपण इंदूरकर अवंतिकेने रात्रभर प्रवास करून सकाळी मुंबईत कामाला लागतो; त्यातलाच प्रकार, एका रात्रीच्या खाटेचे पैसे वाचतात. इटलीच्या स्थानिक गाड्यांचे छापील तिकीट फलाटावरच्या यंत्रात ठोकून घ्यावे लागते. प्रागच्या ट्राममध्येही तसेच. तिकीट खिशात असूनही ते ठोकले नाही म्हणून दंड भरणारे प्रवासी कमी नाहीत.

आणखी एक : चाकांची बॅग नको. व्हेनिसमध्ये चारशेहून अधिक पूल आहेत, बहुतेकांना पायऱ्या. रोमचे आणि प्रागचे जुने रस्ते दगडी. चाळीस लिटरची सॅक आणि आठ-नऊ किलो वजन, एवढेच. भरल्यावर घरच्या जिन्यावरून दोनदा चढ-उतार करून पाहावी आणि जड वाटेल ते कपाटात परत ठेवावे.

प्रेक्षणीय स्थळांचे पैसे वाचवण्यासाठी पंचांग पाहावे, म्हणजे तारखा पाहाव्यात. इटलीतील सरकारी संग्रहालये महिन्याच्या पहिल्या रविवारी विनामूल्य असतात, व्हॅटिकनची संग्रहालये शेवटच्या रविवारी सकाळी. रांग मोठी असते; वेळ आणि पैसा यांतले काय जास्त आहे ते ज्याचे त्याने ठरवावे. व्हिएन्नाच्या शोनब्रुन राजवाड्याची बाग पाहायला काही पडत नाही, आणि तेथल्या ऑपेरागृहात उभे राहून ऐकणाऱ्यांसाठी अगदी थोड्या पैशांत तिकीट मिळते. त्या मुलीने तिथे तीन तास उभ्याने संगीत ऐकले. शाळेच्या प्रार्थनेला पाच मिनिटे उभी राहताना तिची जी चुळबुळ चाले, ती मला आठवली.

पैसे न्यायचे कसे? हंगेरीत फोरिंट आणि चेक देशात कोरुना चालतात. युरो सगळीकडे चालत नाहीत. कार्डाचे यंत्र विचारते, 'रुपयांत घेऊ की इथल्या चलनात?' उत्तर नेहमी इथल्या चलनात. रुपयांचा भाव त्यांनी लावलेला असतो आणि तो आपल्या फायद्याचा नसतो. आपली बँक परकीय व्यवहारावर किती टक्के घेते, ते निघण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे. दोन कार्डे असावीत आणि ती एकाच पाकिटात नसावीत.

राखीव रकमेच्या ओळीवर वडिलांनी बोट ठेवले होते. ते म्हणाले, "हे पैसे खर्च करायचे नाहीत ना? मग तेवढे मी देतो." एवढी एक ओळ त्यांची. गाडी चुकली, पाय मुरगळला, पासपोर्ट हरवला, तर लेकीने भावाचा विचार न करता चांगल्या हॉटेलात जाऊन झोपावे यासाठी ते साडेचोवीस हजार होते. त्याच बरोबर कागदाच्या मागे तिने रोजच्या मुक्कामाचा पत्ता, दूरध्वनी आणि ११२ हा आपत्कालीन क्रमांक लिहून तो आईजवळ दिला. हा क्रमांक तिथेही तोच आहे, जो आता आपल्याकडे आहे. परत आल्यावर राखीवपैकी अकरा हजार तेवढे खर्च झालेले होते. उरलेले तिने वडिलांना दिले, ते त्यांनी मोजून घेतले.

मराठी शाळेतल्या मुलांचे तिकडे भाषेवाचून अडते का, असे मला पालक विचारतात. बुडापेस्टमध्ये भाजीवाल्या बाईशी आम्ही दोघी खुणांनी बोललो. तिला इंग्रजी येत नव्हते आणि त्याचे तिला काही वाटतही नव्हते. जगात हंगेरियन बोलणारे सव्वा कोटींच्या आसपास, आणि तिथली मुले पदार्थविज्ञान त्याच भाषेत शिकतात. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा नोंदवणारे आठ कोटींवर होते. स्लोव्हेनिया हा तर अख्खा देशच आपल्या इंदूर शहराहून कमी वस्तीचा. हे मी भाषणाच्या विषयाबाहेरचे बोलले. पण फी भरण्याच्या खिडकीपाशी उभे राहून 'मराठी माध्यमात ठेवावे की काढावे' असा विचार करणारे काही पालक आज समोर बसले आहेत, म्हणून बोलले.

आता वेळापत्रक. मे महिन्यात निघायचे असेल तर दिवाळीच्या सुट्टीत पासपोर्ट काढून पाहावा. परतीच्या तारखेनंतर तो किमान तीन महिने चालू हवा, दहा वर्षांच्या आत काढलेला हवा आणि त्यात दोन पाने कोरी हवीत. व्हिसाचा अर्ज निघण्याच्या सहा महिने आधीपासून देता येतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस, क्वचित पंचेचाळीस लागतात, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर अर्जकेंद्राची वेळ मिळणेच कठीण होते. म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत अर्ज, व्हिसा हातात आल्याबरोबर विमानाचे व रात्रीच्या गाडीचे तिकीट, मग खाटांचे आरक्षण. पहिली मे ही या चारही देशांत सुट्टी असते, त्या दिवशी उतरू नये.

आमच्या त्या कागदाची एक प्रत, नावे खोडून, शाळेच्या वाचनालयात युरोपच्या भिंतीवरच्या नकाशाखाली लावली आहे. शनिवारी शाळा सुटल्यावर तासभर मी तिथे असते. ज्यांना आपला कागद करायचा असेल त्यांनी आई-वडिलांना, किंवा मुलांना, बरोबर घेऊन यावे. आणि पेन आणू नये, शिसपेन्सिल आणावी.